मिटत्या पंख्याला माझे पैसे मिळणार नाहीत

गेले दोन महिने आमच्या गोतावळ्यात एकच विषय चालू आहे. कुणाच्या मुंजीत भेटा, कुणाच्या तेराव्याला भेटा, दोन मिनिटं इकडचं तिकडचं झालं की गाडी येते ती पंख्यावर. होडीच्या पंख्यावर! माझ्या भाच्याने तीन मित्रांच्या भागीदारीत एक जुनी शिडाची होडी घेतली आहे हे बहुतेकांना ठाऊक आहेच. ३१ फुटी, फायबरची, पोटात छोटं डिझेल इंजिन. तिचा प्रोपेलर आता बदलायचा आहे, आणि त्यातला भाच्याचा वाटा माझ्या एका मुदत ठेवीतून उचलावा असा प्रस्ताव माझ्यापुढे ठेवण्यात आला आहे. पैसे द्यायला माझी ना नाही. मूलबाळ नाही, पेन्शन पुरते, आणि पैसे वर घेऊन कोणी गेल्याचं ऐकिवात नाही. पण ज्याच्या खिशातून पैसे जाणार त्याला दोन शब्द बोलायचा हक्क असतो. तो मी आज बजावणार आहे, आणि जरा सविस्तर बजावणार आहे.

"मावशी, तू मराठी आणि भूगोल शिकवलास. प्रोपेलरमधलं तुला काय कळतं?" असं भाच्याच्या एका भागीदाराने हसत हसत विचारलं. बाळा, चौतीस वर्षं पाठ्यपुस्तकं बदलत होती. दर वेळी नव्याने काहीतरी शिकून घेऊन मगच वर्गात पाय ठेवावा लागे. न कळणारी गोष्ट वाचून, चार जाणत्यांना विचारून समजून घेणं हाच माझा धंदा होता. आणि अंधेरीला, वेसाव्याच्या खाडीपासून चालत पंधरा मिनिटांवर, चाळीस वर्षं राहिलेल्या बाईला होडी अगदीच परकी नसते.

ज्यांना मुळातला प्रश्नच अजून कळलेला नाही (पुण्याच्या वन्सं, हे तुमच्यासाठी) त्यांच्याकरता थोडक्यात सांगते. शिडाच्या होडीलाही इंजिन असतं. वारा पडला, बंदरात शिरायचं असलं, की ते लागतं. इंजिनाचा दांडा होडीच्या पोटातून मागे पाण्यात निघतो आणि त्याच्या टोकाला पंखा. इंजिन चालू असताना हा पंखा होडीला ढकलतो. पण इंजिन बंद करून शीड उभारलं की तोच पंखा ओझं होतो. त्याची तीन रुंद पाती पाण्याला आडवी उभी. धावणाऱ्या माणसाने पाठीला उघडी छत्री बांधून धावावं, तसा प्रकार. एवढ्या होडीचा त्यात अर्धा ते एक नॉट वेग जातो. आणि मुळात होडी पळते किती? पाच, फार तर सहा नॉट.

यावर उपाय दोन. एकाला इंग्रजीत फोल्डिंग प्रोपेलर म्हणतात, त्याला मी मिटता पंखा म्हणते. त्याची पाती बिजागरीवर बसवलेली असतात. इंजिन बंद झालं की मागे वाहणारं पाणीच त्यांना मिटवतं, संध्याकाळी कमळ मिटावं तशी. पुन्हा दांडा फिरू लागला की पाती बाहेर फेकली जाऊन उघडतात. मुलींनो, फुगडीने वेग घेतला की वेण्या कशा बाहेर उडतात ते आठवा, म्हणजे वेगळं समजवावं लागणार नाही. दुसरा फेदरिंग प्रोपेलर, म्हणजे वळता पंखा. याची पाती मिटत नाहीत. प्रत्येक पातं आपल्या जागी स्वतःभोवती वळतं आणि पाण्याला फक्त धार दाखवून उभं राहतं. जुन्या चाळींच्या खिडक्यांना लाकडी झडपा असायच्या, एक काठी वरखाली केली की सगळ्या पट्ट्या फिरायच्या. तसंच. वल्हेकरीसुद्धा वल्हं हवेतून पुढे नेताना पातं आडवं करतो, वारा अडू नये म्हणून. वल्ह्याच्या त्या क्रियेलाही इंग्रजीत फेदरिंगच म्हणतात.

दुखणं जुनं आहे. इंग्रजांची वॉरिअर नावाची युद्धनौका १८६० साली पाण्यात उतरली. तिला शिडंही होती आणि वाफेचं इंजिनही. शिडावर जाताना पंख्याचं ओझं नको म्हणून तो सव्वीस टनी पंखा चक्क पाण्याबाहेर वर ओढून घ्यायचे, आणि त्याला शेकडो माणसं लागायची. धुराडीसुद्धा दुर्बिणीसारखी आत सरकवायची सोय होती. म्हणजे आमच्या भाच्याने काही जगावेगळा प्रश्न उभा केलेला नाही.

असो. आता घरातले दोन पक्ष.

पहिला वेगपक्ष. यात स्वतः भाचा, त्याचे दोन भागीदार आणि न्यू जर्सीचे भाचेजावई. यांना मिटता पंखा हवा. कारण? कंपनीच्या पत्रकात आलेख छापलाय आणि त्यात मिटत्या पंख्याची रेघ सगळ्यांत खाली आहे. पाण्याचा अडथळा सगळ्यांत कमी. शिवाय तो वळत्यापेक्षा स्वस्त. युरोपात साधा दोनपाती मिटता पंखा हजार-बाराशे युरोंच्या पुढे मिळतो, वळता त्याच्या दीडपट-दुपटीच्या घरात जातो. वर आपल्याकडचं आयात शुल्क.

आलेख खरा आहे, मी नाकारत नाही. एक गोष्ट तर मी वेगपक्षाच्या बाजूने स्वतःहून सांगते, जी त्यांच्यापैकी कोणालाच सुचली नाही. मंद वाऱ्यात पंख्याचं ओझं जास्त जाणवतं. होडी जोरात पळत असताना तिची बरीचशी ताकद लाटा उठवण्यात खर्च होते, त्यात पंख्याचा हिस्सा लहान. पण तीन नॉटने रखडत चाललेल्या होडीला पंखा खरोखर नडतो. आणि आपल्या कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात वारा कसा? दुपारनंतर वायव्येकडून बरा, रात्री जमिनीवरून मंद, आणि पहाटे बऱ्याचदा नुसतं नाव. म्हणजे आपल्याकडे मंद वाऱ्याचे तास पुष्कळ. हा त्यांचा सगळ्यांत बळकट मुद्दा, आणि तो मी त्यांना फुकट दिला.

पण आता हिशेब करू. डिसेंबरात गोव्याला जायचा बेत आहे. मुंबई ते गोवा समुद्रमार्गे सुमारे सव्वादोनशे सागरी मैल. पाच नॉटने पंचेचाळीस तास लागतात, साडेपाच नॉटने एक्केचाळीस. वाचले चार तास. या चार तासांचं काय करणार आहात? "मावशी, अंधार पडायच्या आत पोचता येतं ना!" अरे, मग चार तास आधी निघ! त्याला युरो लागत नाहीत, गजराचं घड्याळ लागतं.

आणि परत येताना? येताना तोच वायव्येचा वारा नाकावर. शीड लावून समुद्रात नागमोडी काढत बसायचं, नाहीतर इंजिन. भाच्याला सोमवारी कामावर हजर व्हायचं असतं, त्यामुळे तो काय करणार हे मला सांगायला नको. मी त्याची प्रवासाची वही मागून घेतली आणि (सवयच आहे, वह्या तपासायची) मागच्या हंगामाचे तास मांडले. शिडाचे दोन तास तर इंजिनाचा जवळजवळ दीड तास, असं प्रमाण निघालं. ज्या होडीचं इंजिन इतका वेळ चालतं, तिचा पंखा फक्त बंद असताना कसा वागतो यावर निवडायचा? घरातला नवरा झोपलेला असताना किती कमी घोरतो, एवढ्यावरच त्याची परीक्षा करायची काय?

दुसरा पक्ष कोळीपक्ष. याचे अध्वर्यू माझे धाकटे दीर. त्यांचं म्हणणं, "वहिनी, वेसाव्याच्या कोळ्यांना बघा. पिढ्यान् पिढ्या दर्यावर जगणारी माणसं. एकाने तरी असला नखरेल पंखा लावलाय? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!" म्हण चपखल आहे. होडी जुनी आहे आणि पंखा महाग आहे, हेही खरं.

पण भावोजी, उदाहरण चुकलं. कोळ्यांच्या होड्यांना यंत्र बसायला लागलं ते गेल्या शतकाच्या मध्यावर. त्याआधी शीड होतं, नंतर काही वर्षं शीडही आणि यंत्रही असं चाललं, आणि मग शीड गेलं. आज वेसावे, मढ, मनोरी, गोराई कुठेही धक्क्यावर उभे राहा. मासेमारीची होडी जाताना इंजिनावर जाते, येताना मासे आणि बर्फाच्या वजनासकट इंजिनावरच येते. तिचा पंखा कधी मिटायचा? तिला जाड, पक्क्या पात्यांचा, ठोकर खाल्ली तर गावातल्या गावात सरळ करून मिळणारा पंखाच हवा. तांडेलाने तो निवडला तो तांडेलाच्या कामासाठी, आणि बरोबर निवडला. त्याचं शहाणपण उचलायचं तर त्याने पंखा कसा निवडला ते उचलावं. तो स्वतःचं काम बघून वस्तू घेतो. आपलं काम वेगळं आहे.

मला मासे देणाऱ्या बाईंचा मुलगा वीस वर्षं दर्यावर जातो. त्याला मी विचारलं, पंख्याचा सगळ्यांत मोठा त्रास कोणता? तो क्षणभरही न थांबता म्हणाला, "दोर." फाटक्या जाळ्याचे तुकडे, नायलॉनची दोरी, प्लास्टिकच्या गोण्या. दांड्याला गुंडाळलं की इंजिन गप्प. मग एकाने सुरी तोंडात धरून पाण्यात उतरायचं. रात्री, लाटांत. आपल्या किनाऱ्यावर डोलीची जाळी खांबांना बांधून प्रवाहात उभी केलेली असतात, पुढे दक्षिणेकडे तरंगती जाळी सोडलेली असतात, आणि शिवाय मुंबईने समुद्राला वाहिलेलं प्लास्टिक आहेच.

दोराच्या बाबतीत मात्र वेगपक्षाला अर्धे गुण देणं भाग आहे. शिडावर चाललेल्या होडीच्या मिटलेल्या पंख्यावरून दोर घसरून जातो. वळत्या पंख्याच्या उभ्या धारांत तो क्वचित अडकू शकतो. आणि कायम उघड्या तीनपाती पंख्यात हमखास अडकतो. इंजिन चालू असेल तर मात्र तिन्ही पंखे सारखेच भोळे, दोर दिसला की मिठी मारतात.

मग मी मिटत्याच्या विरुद्ध का? आता खऱ्या मुद्द्याला येते.

होडीला ब्रेक नसतो. हे वाक्य आमच्या घरातल्या प्रत्येक पुरुषाने शंभरदा लिहून काढावं. होडी थांबवायची तर पंखा उलटा फिरवायचा, म्हणजे रिव्हर्स. आणि मिटत्या पंख्याचं दुखणं नेमकं तिथे आहे. पुढे जाताना पात्यांवरचा पाण्याचा दाब त्यांना उघडं ठेवायला मदत करतो. उलटं फिरवलं की तोच दाब त्यांना मिटवू पाहतो. त्यांना उघडं धरणारा उरतो तो फक्त फिरण्याचा जोर. दोघांच्या ओढाताणीत पाती अर्धवट उघडी राहतात आणि रिव्हर्सला हवी तेवढी पकड येत नाही. वळत्या पंख्याचं बरोबर उलटं. दांडा उलटा फिरला की त्याची पाती स्वतःच पलटतात आणि तीच पुढची धार पाण्यात घुसते. त्यामुळे तो मागे जाताना जवळजवळ पुढे जाण्याइतकाच जोर देतो. साध्या पक्क्या पंख्यालाही हे जमत नाही. रिव्हर्समध्ये त्याचं पातं मागच्या कडेने पाणी कापतं, उलट्या सुरीने कांदा चिरावा तसं.

आता आपल्या होडीचं घर कुठे आहे ते बघा. ती मुंबई बंदरात मुरिंगवर असते, म्हणजे पाण्यातल्या एका बोयाला बांधलेली. दर वेळी परत येताना त्या बोयाशी जाऊन अलगद थांबायचं, आणि नाकाडावर उभ्या असलेल्याने आकड्याच्या काठीने दोर उचलायचा. आजूबाजूला लाँची, तराफे, दुसऱ्यांच्या होड्या. मुंबईत उधाणाला पाण्याची पातळी पाच मीटरच्या आसपास वरखाली होते. एवढं पाणी सहा तासांत आत शिरायचं आणि सहा तासांत बाहेर पडायचं, म्हणजे प्रवाह काय असेल याची कल्पना करा.

मागच्या फेब्रुवारीत मी एकदा त्या होडीत होते. भरतीचं पाणी उत्तरेकडे चढत होतं आणि दुपारचा वायव्येचा वारा चांगला भरला होता. प्रवाहाला तोंड देऊन बोयाकडे जायचं म्हणजे नाक दक्षिणेला, म्हणजे वारा पाठीमागून. शीड उतरवलेलं असूनही वारा नुसत्या होडीच्या अंगाला धरून पुढे ढकलत होता. पुढे एक रिकामी लाँच बांधलेली. भाच्याने गिअर उलटा टाकला. इंजिन ओरडलं, पाणी उसळलं, होडी मात्र पुढेच. मग हळूहळू तिने ऐकलं. लाँच आणि आमचं नाकाड यांत दोन हातांचं अंतर उरलं. नाकाडावर आकडा धरून कोण उभं होतं? भाच्याची लेक. पंधरा वर्षांची. तिने लाँचला पाय लावून होडी रेटायची तयारीसुद्धा केली होती! साडेचार टनाची होडी आणि पंधरा वर्षांच्या मुलीचा पाय. हे सगळं झालं तेव्हा होडीला साधा पक्का तीनपाती पंखा होता. त्याच्या जागी रिव्हर्सला त्याहून कमी पकडणारा पंखा लावायला मी पैसे देऊ?

यावर भागीदारांचं उत्तर तयार आहे. "नव्या तीनपाती मिटत्या पंख्यांचा रिव्हर्स खूप सुधारलाय." सुधारलाय, मान्य. पण तो तीनपाती नवा पंखा घ्यायचा तर त्याची किंमत वळत्या पंख्याकडे सरकते, आणि तुमच्या यादीत आहे तो स्वस्तातला दोनपाती. एकाचे गुण सांगायचे आणि दुसऱ्याचं बिल फाडायचं, हे चालणार नाही.

दुसरं असं की आमची होडी आठवड्यातले पाच-सहा दिवस नुसती उभी असते. आपलं पाणी उबदार आणि गाळाचं. अशा पाण्यात उभ्या वस्तूवर काय काय उगवतं ते धक्क्याच्या कोणत्याही पायरीवर पाहून घ्या. चुन्यासारखे कडक बार्नेकल पात्यांच्या बिजागरीत बसले की एक पातं उघडतं आणि दुसरं अडकून राहतं. मग सगळी होडी थरथरते आणि दांड्याच्या बेअरिंगची वाट लागते. वळत्या पंख्यालाही बार्नेकल सोडत नाहीत, पण त्याचे दाते बंद डबीत, ग्रीसमध्ये बसलेले असतात. त्या ग्रीसचंही भाच्याने मला भय घातलं. "दर वर्षी भरावं लागतं, मावशी." अरे, दर वर्षी पावसाळ्यात होडी पाण्याबाहेर काढतोसच ना? युरोपातल्या माणसाला ते जड असेल, आपल्याला वरुणराजाने सक्तीची सुट्टी दिलेली आहे. मे अखेरीला होडी वर, ग्रीस भर, झिंकचा तुकडा बदल (खाऱ्या पाण्यात तो आधी झिजतो आणि पंख्याचं पितळ वाचवतो), ऑक्टोबरात खाली.

शेवटचं शस्त्र म्हणून न्यू जर्सीहून जगप्रदक्षिणा आली. "मावशी, जगभर एकट्याने फिरणारे दर्यावर्दी प्रत्येक मैलाला अडथळा मोजतात!" जरूर मोजत असतील. आपल्या दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून म्हादेई ही होडी हाकारली आणि मे २०१० मध्ये ते परत आले, एकट्याने पृथ्वी फिरून येणारे पहिले भारतीय. वाटेत फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन एवढेच थांबे. ती होडी गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली, आणि या सगळ्यामागे व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींचा ध्यास. पुढे त्याच होडीतून अभिलाष टॉमी नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३ कुठेही न थांबता फिरून आले. मग तारिणी होडीवर २०१७-१८ साली सहा जणी, आणि ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ दिलना आणि रूपा या दोघीच. नावं घेतली तरी ऊर भरून येतो.

पण त्यांचा नियम काय? निदान २१,६०० सागरी मैल, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, आणि सगळं शिडावर. (२१,६०० हा आकडा कुठून आला? पृथ्वीचा घेर ३६० अंश, एका अंशाची ६० मिनिटं, आणि एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. गुणून बघा. माझ्या आठवीच्या मुलांना हे यायचं.) ज्याला महिनोन्महिने पंखा ओढतच न्यायचा आहे आणि वापरायचा आहे तो फक्त बंदराच्या तोंडाशी, त्याने अडथळा मोजलाच पाहिजे. तू शनिवारी सकाळी निघून रविवारी संध्याकाळी बोयाला येणार. तुझ्या दर दोन दिवसांत एकदा बंदर येतं. दोंदे यांना नऊ महिन्यांत जितक्या वेळा बंदरात थांबायचं होतं, तितक्या वेळा तू एका हिवाळी महिन्यात थांबतोस.

तेव्हा माझा कौल असा. तीनपाती वळता पंखा. त्याची पाती सपाट असतात, त्यामुळे इंजिनावर पुढे जाताना पक्क्या पंख्यापेक्षा तो थोडा कमी पडतो, हे मी ऐकून आहे आणि ते मला चालेल. शिडावर मिटत्या पंख्यापेक्षा तो थोडा मागे राहील, तेही चालेल. उघड्या पंख्याच्या मानाने ओझं बहुतेक सगळं गेलेलंच असेल. एक पथ्य मात्र आहे, तेही लिहून ठेव. इंजिन बंद केल्यावर दांडा आपोआप फिरत राहिला तर याची पाती वळतच नाहीत. गिअर टाकून दांडा थांबवावा लागतो. नाहीतर एवढे पैसे मोजून पाण्यात नुसता भोवरा फिरत राहायचा.

भागीदारांना एवढे पैसे काढणं जमत नसेल तर आहे तो पंखा राहू द्या, आणि भावोजींना जिंकल्याचं समाधान मिळू द्या. त्यातही थोडा वेग फुकट मिळवता येतो. स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या दोघांनी पंखे पाण्यात ओढून मोजमापं केली, २००८ साली ती छापून आली. दांडा अडकवून ठेवलेल्या पंख्यापेक्षा मोकळा फिरू दिलेला पंखा कमी अडवतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे पक्क्या पंख्याला दांडा मोकळा सोडायचा, वळत्या पंख्याला थांबवायचा. फक्त आपल्या गिअरबॉक्सला इंजिन बंद असताना तसं फिरत राहिलेलं चालतं का, ते आधी तिच्या पुस्तिकेत बघायचं. काही गिअरबॉक्सना तेव्हा तेल पोचत नाही. आणि उरलेल्या पैशांत गोव्याला निघण्याआधी पाणबुड्या बोलावून होडीचं बूड आणि पंखा खरवडून घ्यायचा. शेवाळ आणि शिंपल्यांनी भरलेल्या बुडाला कोणताही पंखा लावला तरी काय उपयोग? ते काम मागच्या हंगामात एकदाच झालं आहे, वहीत नोंद आहे.

मिटता दोनपाती पंखा आणायचा असेल तर तोही आणा, तुमची होडी आहे. मात्र माझी ठेव त्यासाठी मोडली जाणार नाही, आणि भाच्याची लेक त्या होडीच्या नाकाडावर उभी राहणार नाही. दुसऱ्या गोष्टीबाबत तिच्या आईशी माझं बोलणं झालं आहे आणि आमच्यात मतभेद नाही.

वळता पंखा ठरला तर मागणी नोंदवायच्या आधी दांड्याची जाडी, त्याच्या टोकाचा उतार, पंख्याभोवतीची मोकळी जागा, दांडा फिरायची दिशा आणि गिअरचं प्रमाण, एवढी मापं लागतात. यातलं एक जरी चुकलं तरी परदेशातून आलेला पंखा दिवाणखान्यात शोभेला ठेवावा लागेल. ठेवीची मुदत १२ मेला संपते. त्याच्या आत मापं कागदावर लिहून मला आणून दाखव, आणि येताना तुझी ती वही पण आण. एप्रिलचे तास तू अजून भरलेले नाहीस.